खोकडाच्या वाटेवरचा गावकुत्रा

सोलापूरजवळील नान्नजचे माळरान १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. येथे काळवीट, लांडगा व खोकड यांचाही वावर आहे. माळाला लागूनच ज्वारीची शेते, वाड्या-वस्त्या, धनगरांचे कळप. आणि जिथे माणूस, तिथे त्याचा कुत्राही आलाच.

मूळचे पशुवैद्य असलेले अनिरुद्ध बेलसरे यांनी अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात पीएच.डी. करताना याच परिसराची निवड केली. याच विद्यापीठाचे अबी तमीम वनक यांनी पूर्वी येथे अभ्यास करून दाखविले होते, की कुत्र्याच्या सान्निध्यात खोकड समोरचे अन्नही टाळते. बेलसरे यांचा प्रश्न पुढचा होता : अन्नाबरोबर कुत्रा खोकडाचे आरोग्यही हिरावून घेतो काय?

दोन्ही प्राण्यांचे रक्त तपासण्यात आले. डिस्टेंपर, पार्वो व अ‍ॅडेनो या तिन्ही विषाणूंच्या संसर्गाच्या खुणा दोहोंत आढळल्या. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. विषयाचे गांभीर्य जगाला आधीच उमगले होते. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत डिस्टेंपरच्या साथीत सुमारे एक-तृतीयांश सिंह दगावले होते. पुढे २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले, तेव्हा काही सिंहांत हाच विषाणू सापडला.

मग सर्व गावकुत्र्यांना लस टोचली की प्रश्न सुटला, असे कोणासही वाटेल. नान्नज परिसरातील गावांत तसा प्रयोगही झाला. परंतु बहुतेक प्रौढ कुत्र्यांना हे रोग पूर्वीच होऊन गेले होते व त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती आलेली होती. त्यांना दिलेल्या लशीचा लाभ त्यामुळे मर्यादितच ठरला. विषाणूला नवे इंधन मिळते ते दरवर्षी जन्मणाऱ्या पिलांकडून. रेबीजची लस अर्थातच प्रत्येक कुत्र्याला हवीच. या तीन रोगांचा हिशेब मात्र निराळा आहे.

चांगल्या हेतूने केलेला खर्चही योग्य जागी पडला तरच फळतो, हे जमाखर्च जाणणाऱ्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. एका विद्यार्थ्याने उन्हातान्हात नमुने गोळा करून जे दाखवून दिले, त्याचा बोध साधा आहे : कुत्र्याच्या पिलांची वाढ आटोक्यात ठेवणे व पाळलेल्या पिलाला वेळेवर लस देणे. गावाने एवढे केले, तरी माळावरच्या मुक्या खोकडाचे रक्षण होण्यास मोठाच हातभार लागेल.