कानावर पडणारा इतिहास कोणाचा?

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत पुस्तक हातात घेतलेला प्रवासी आता क्वचितच दिसतो. कानात इअरफोन घातलेले मात्र डब्याभर असतात. त्यातले काही गाणी ऐकतात, काही कादंबऱ्या. 2017 साली स्टोरीटेल भारतात आले आणि मराठी कादंबरी कानाने वाचण्याची मोठी सोय झाली. ज्यांची नजर अधू आहे, ज्यांना शाळा मिळाली नाही, ज्यांचा दिवस कापूस वेचण्यात आणि सोयाबीन सोंगण्यात जातो, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. तिचे आम्ही स्वागत करतो. प्रश्न एवढाच की, तिच्यातून आमच्या कानावर पडणारा इतिहास कोणाचा?

रणजित देसाई यांची 'स्वामी' घ्या. 1962 साली आलेल्या या कादंबरीला 1964 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पानिपतानंतर गादीवर आलेला तरुण पेशवा, चुलत्याची कारस्थाने, क्षयाने पोखरलेले शरीर, 1772 साली थेऊरला आलेला मृत्यू आणि रमाबाईंचे सती जाणे. ऐकताना गळा दाटून येतो, हे आम्ही नाकारत नाही. दुःख माणसाचे असते, ते पेशव्यालाही असते. पण कागदावर वाचताना डोळा थांबतो, मागे जातो, समासात प्रश्नचिन्ह काढतो. आवाज मात्र आपल्याला पुढे ओढत नेतो. कसलेल्या निवेदकाच्या कापऱ्या स्वरात सती जाणेसुद्धा पवित्र वाटू लागते. ही प्रथा बंद करण्यासाठी 1829 साली कायदा करावा लागला, हे त्या क्षणी किती जणांना आठवते?

त्याच पेशवाईच्या राजधानीत अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये नोंदवून ठेवले आहे. ती शोकांतिका नव्हती काय? तिच्यासाठी कोणाचा स्वर कापरा झाला? शरणकुमार लिंबाळे यांनी 'सनातन' या 2018 सालच्या कादंबरीत अस्पृश्यांचा हा इतिहास मांडला आणि तिला 2020 चा सरस्वती सन्मान मिळाला. ऐकणाऱ्याने थेऊरबरोबर हेही ऐकले पाहिजे. नाहीतर दुसऱ्याच्या दुःखाने रडणारा आपला माणूस स्वतःच्या आजोबा-पणजोबांच्या दुःखाला अनोळखी राहील.

वऱ्हाडाला ऐकणे नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती असे. ते श्रोत्यांना विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आमच्या विहारांमध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. मध्येच एखादी आजी हात वर करून 'थांब बापू, हे पुन्हा सांग' म्हणू शकते. विहारातल्या श्रवणाचे बळ या थांबण्यात आहे. इअरफोनमध्ये माणूस एकटा पडतो आणि प्रश्न घशातच राहतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. ऐतिहासिक कादंबरी जरूर ऐका, पण चार जणांनी मिळून ऐका, प्रकरण संपले की बंद करा आणि बोला. दुसरे, आपले ग्रंथ आपल्या आवाजात आणा. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले मूळ इंग्रजी लेखन 1 जानेवारी 2017 पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. प्रचलित मराठी भाषांतरांचे हक्क वेगळे असतात, तेथे परवानगी घ्यावी किंवा नवे भाषांतर करावे. अमरावती-अकोल्यात मराठीचे पदवीधर आहेत, उत्तम वाचणाऱ्या मुली आहेत आणि आवाज मुद्रित करणारा मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. येत्या वर्षावासात एका विहाराने जरी सुरुवात केली, तरी शिवारात राबणाऱ्या माणसाच्या कानावर त्याचा स्वतःचा इतिहास पडेल.