शाळेचे नेतृत्व आणि सहकाऱ्यांचे काम

एकाच तालुक्यातील, एकाच अभ्यासक्रमानुसार चालणाऱ्या दोन शाळांचे काम पुष्कळदा अगदी भिन्न दिसते. एका शाळेत घंटा होण्यापूर्वी वर्ग झाडलेले असतात, फळ्यावर तारीख व सुविचार लिहिलेला असतो, आणि एखादा शिक्षक रजेवर असला तरी त्याच्या वर्गातील मुले कामात गुंतलेली असतात. दुसऱ्या शाळेत शिक्षक तेवढेच, त्यांचे शिक्षणही तेवढेच. परंतु एक शिक्षक रजेवर गेला की त्याचा वर्ग वाऱ्यावर पडतो, आणि तपासणीचा दिवस जवळ आला की वह्या तपासण्याची धांदल उडते. अमका शिक्षक कष्टाळू, तमका आळशी, असे म्हणून या फरकाचा विचार बहुधा तेथेच थांबविला जातो. परंतु तोच कष्टाळू शिक्षक बदली होऊन दुसरीकडे गेला म्हणजे वर्ष-दोन वर्षांत थंडावतो, आणि ज्याच्याविषयी तक्रारी होत्या तो नव्या शाळेत उमेदीने काम करू लागतो, हाही अनुभव शिक्षकांस नवा नाही. तेव्हा माणसाच्या कामावर त्याच्या स्वभावाचा जेवढा परिणाम होतो, तेवढाच तो जेथे काम करतो तेथील रीतीचा आणि तेथील प्रमुखाच्या वर्तनाचा होतो, असे मानावे लागते.

ही रीत कशी तयार होते, कशामुळे टिकते आणि कशामुळे बिघडते, हे समजून घेण्यास पुणे शहरातील एका शिक्षणसंस्थेचा आरंभीचा इतिहास फार उपयोगी आहे. ही संस्था शिक्षकांनी उभारली व शिक्षकांनीच चालविली. तिच्यात जे मोठे भांडण झाले तेही शिक्षकांमधीलच होते. म्हणून शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे उदाहरण खेड्यातील शिक्षकासही जवळचे वाटेल.

कामाची वाटणी

१८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतील नोकरी सोडली होती. शाळा उघडली तेव्हा त्यांच्या वयास तीस वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि त्यांचे सहकारी बाळ गंगाधर टिळक तर अवघे तेवीस वर्षांचे होते. महादेव बल्लाळ नामजोशी त्यांना येऊन मिळाले. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर हेही लवकरच त्या मंडळीत सामील झाले. या सर्वांस सरकारी नोकरीत अधिक पगार मिळू शकला असता. तो मोह बाजूस ठेवून त्यांनी अल्प वेतनावर शिकविण्याचे काम पत्करले.

या मंडळींचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे होते; परंतु प्रत्येकाचा कल पाहून काम वाटून घेतलेले होते. आपटे संस्कृतचे व्यासंगी आणि शिस्तीचे व्यवस्थापक होते. टिळक गणित व संस्कृत शिकवीत. नामजोशींकडे लोकसंग्रहाचे आणि पैसा मिळविण्याचे कौशल्य होते. जो ज्या कामात वाकबगार, त्याच्याकडे ते काम आणि त्यात इतरांची ढवळाढवळ नाही, अशी ही वाटणी होती. १८८२ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी या शाळेची प्रशंसा केली, तेव्हा शाळा केवळ दोन-तीन वर्षांची होती.

रीतीची पहिली परीक्षा

कोणत्याही शाळेची रीत पक्की आहे की नाही, हे तिचा प्रमुख तेथे नसताना कळते. न्यू इंग्लिश स्कूलवर हा प्रसंग फार लवकर आला. १८८२ च्या मार्च महिन्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे वयाच्या एकतिसाव्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली, आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. म्हणजे एकाच वर्षात शाळेचा संस्थापक गेला आणि तिचे दोन प्रमुख शिक्षक साडेतीन महिन्यांच्या आसपास वर्गाबाहेर राहिले. तरी शाळा बंद पडली नाही. उरलेल्यांनी काम उचलून धरले. पुढे २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. आपटे हे त्याचे पहिले प्राचार्य होत.

सोसायटीने आपल्या कामाची पद्धत नियमांत बसविली. जो शिक्षक आजीव सदस्य होईल त्याने सुमारे वीस वर्षे सेवा करण्याचे वचन द्यावयाचे, दरमहा ७५ रुपयांच्या आसपास वेतन घ्यावयाचे, आणि संस्थेच्या अंतर्गत कारभारात त्यास मत असावयाचे. शिकविणारा आणि कारभार पाहणारा हे दोन वेगळे वर्ग येथे नव्हते. आपण ज्या निर्णयात भाग घेतला तो पाळण्याची जबाबदारी आपली आहे, असे प्रत्येकास वाटावे, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ होता. १८८६ मध्ये आजीव सदस्य झालेले गोपाळ कृष्ण गोखले यांची नेमून दिलेला कोणताही विषय शिकविणारे प्राध्यापक अशी ख्याती झाली. इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र यांपैकी जेथे उणीव पडे तेथे ते उभे राहत.

मतभेद आणि फूट

परंतु हे उदाहरण अर्धेच सांगितले तर त्यातील धडा निसटेल. याच संस्थेत पुढे तीव्र मतभेद झाले, आणि तिच्या संस्थापकांपैकी सर्वांत कर्तबगार असे टिळक १८९० मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले.

सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळक व आगरकर यांची मते जुळत नव्हती. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. तथापि राजीनाम्यात टिळकांचा मुख्य भर संस्थेच्या मूळ तत्त्वावर होता. आजीव सदस्याने आपली सर्व शक्ती संस्थेस द्यावी, बाहेरची कामे व बाहेरची मिळकत यांत तिचा व्यय करू नये, असा त्यांचा आग्रह होता. शाळेचे काम नीट केल्यावर उरलेला वेळ सदस्याने कसा घालवावा हा त्याचा प्रश्न आहे, असे इतरांचे म्हणणे होते. संसार वाढले होते, आणि मूळचे वेतन पुरेनासे झाले होते. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा वाद शिगेस पोहोचला.

या वादात कोणता पक्ष बरोबर होता याचा निर्णय येथे करावयाचा नाही. दोन्ही बाजूंस निःस्वार्थी माणसे होती. शिक्षकाने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. बाहेरची कामे किती करावी, याविषयी सर्वांचा अर्थ आरंभी एकच असेल असे गृहीत धरले गेले होते. उत्साहाच्या दिवसांत तो प्रश्न उपस्थित झाला नाही. आणि जेव्हा झाला, तेव्हा तो नियमाचा न राहता माणसांचा झाला. एकाच ध्येयाने एकत्र आलेले मित्र एकमेकांच्या हेतूंविषयी शंका घेऊ लागले. स्पष्ट नसलेला नियम चांगल्या माणसांतही कटुता निर्माण करतो, हे यावरून दिसते.

फुटीनंतर संस्था का टिकली

टिळक गेल्यामुळे गणिताची मोठी उणीव पडली. ती भरून काढण्यासाठी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९१४ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. महाविद्यालयातील त्यांचे स्थान मात्र कायम राहिले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो १९०० मध्ये हिंगण्यास गेल्यावर दिवसा महाविद्यालयात गणित शिकवून ते पायी आश्रमात जात. म्हणजे बाहेरचे काम करूनही वर्गातील काम सांभाळता येते, हे त्याच संस्थेतील एका शिक्षकाने दाखवून दिले.

प्राचार्य आपटे १८९२ मध्ये वारले. त्यांच्या जागी आलेले आगरकर १८९५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आतच, निवर्तले. एवढे आघात होऊनही संस्था चालत राहिली. तिचा विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठात सीनियर रँग्लर झाला. असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय. मोठ्या अधिकाराच्या जागा त्यास सहज मिळाल्या असत्या; परंतु तो परत येऊन आपल्याच महाविद्यालयात शिक्षक झाला, आणि १९०२ पासून १९२४ पर्यंत त्याने प्राचार्यपद सांभाळले. आपल्या गुरुजनांना ज्या रीतीने काम करताना त्याने पाहिले होते, तीच रीत त्याने पत्करली. चांगली रीत अशा प्रकारे एका पिढीकडून दुसरीकडे जाते. तिच्यासाठी वेगळे परिपत्रक काढावे लागत नाही.

एक प्रयोग

पुण्याच्या इतिहासातून जे दिसते, त्यास एका शास्त्रीय प्रयोगाचाही आधार मिळतो. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा येथे केलेला एक प्रयोग १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे लहान गट करून त्यांना हस्तकामे दिली होती. काही गटांचा प्रमुख केवळ हुकूम देई. काहींचा प्रमुख मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी. काहींचा प्रमुख मुलांना मोकळे सोडून अलिप्त राही. हुकूम देणाऱ्या प्रमुखाच्या गटात तो समोर असेपर्यंत काम भरपूर होई; परंतु तो खोलीबाहेर गेला की काम मंदावे, आणि मुलांत चिडखोरपणा किंवा मुकाट दबलेपणा दिसे. विचारविनिमय करणाऱ्या प्रमुखाच्या गटात तो बाहेर गेल्यावरही काम चालू राही. अलिप्त प्रमुखाच्या गटात काम सर्वांत कमी झाले. सर्वांस मोकळे सोडणे म्हणजे सर्वांस विश्वासात घेणे नव्हे, हे या तिसऱ्या गटावरून स्पष्ट होते.

खेड्यातील शाळेत काय करता येईल

दोन किंवा चार शिक्षकांच्या शाळेत आजीव सदस्यांचे मंडळ नसते. तरी वर सांगितलेली तत्त्वे तेथेही लागू पडतात.

पहिली गोष्ट, मुख्याध्यापकाने अवघड काम स्वतः घ्यावे. पहिलीचा वर्ग हा शाळेतील सर्वांत कष्टाचा वर्ग होय. तो नेहमी नवख्या शिक्षकाच्या माथी मारला जात असेल, तर शाळेत ज्येष्ठता म्हणजे सुटका असा अर्थ रूढ होतो. मुख्याध्यापकाने एखादे वर्ष तो वर्ग घेतला, तर दहा सूचनांनी होणार नाही एवढा परिणाम होतो.

दुसरी गोष्ट, काम वाटताना प्रत्येकाचा कल पाहावा. एकास गणित चांगले शिकविता येते, दुसऱ्याच्या हातात चित्रकला असते, तिसऱ्याचे गावकऱ्यांशी चांगले जमते. दोन वर्ग एकत्र बसवून आठवड्यातील काही तास विषयांची अदलाबदल करणे लहान शाळेतही शक्य असते.

तिसरी गोष्ट, जे नियम गृहीत धरलेले असतात ते बोलून ठरवावेत आणि लिहून ठेवावेत. रजेच्या दिवशी वर्ग कोणी पाहावयाचा, मतदार यादी, जनगणना किंवा सर्वेक्षणाचे काम आले तर कोणाची पाळी, शाळेनंतरची शेती किंवा अन्य व्यवसाय वर्गाच्या आड येत असल्यास काय करावयाचे, या प्रश्नांवरूनच शाळाशाळांत अबोला धरला जातो. प्रसंग येण्यापूर्वी हे प्रश्न सुटले तर ते नियमाचे राहतात. नंतर ते माणसांचे होतात. महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे, आणि जे ठरेल ते एका वहीत नोंदवावे.

चौथी गोष्ट, चूक एकांतात सांगावी आणि चांगले काम चारचौघांत सांगावे. मुलांसमोर किंवा पालकांसमोर सहकाऱ्यास टोचून बोलणारा मुख्याध्यापक त्या सहकाऱ्याचा वर्गातील अधिकारच काढून घेतो. शिक्षण परिषदेत सहकाऱ्याच्या एखाद्या चांगल्या पाठाचा त्याच्या नावासह उल्लेख झाला, तर तो शिक्षक पुढचा पाठ अधिक तयारीने घेतो.

पाचवी गोष्ट सहाय्यक शिक्षकांची आहे. शाळेची रीत एकटा मुख्याध्यापक घडवीत नाही. मतभेद असल्यास तो बैठकीत मांडावा. पारावर किंवा केंद्रप्रमुखांच्या कानावर प्रथम घालू नये. आणि एकदा बहुमताने ठरले की ते आपल्या मताविरुद्ध असले तरी मनापासून पाळावे.

दोन शिक्षकांमधील अबोल्याची किंमत ते शिक्षक देत नाहीत. ती तिसरीतून चौथीत जाणारी मुले देतात. एका गुरुजींनी काय शिकविले हे दुसऱ्या बाईंना ठाऊक नसते, आणि मुलाची वजाबाकी मधल्यामध्ये अडकून राहते. पालकास त्याचे कारण कधी कळत नाही. मूल मात्र आपणच मंद आहोत असे समजून बसते.

मुख्याध्यापकाची बदली आज ना उद्या होणारच. आपल्या माघारी शाळा कशी चालेल, या प्रश्नाचे उत्तर बदलीच्या हुकमाची वाट न पाहता शोधता येते. एखाद्या दिवशी रजा घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या वह्या उघडून पाहाव्यात. कालच्या तारखेचे काम त्यांत असेल, तर शाळेस रीत लागली आहे असे खुशाल समजावे.