चाचणी मुलाची, भाषा कोणाची?

कॅलिफोर्नियातल्या नऊ मुलांच्या घरी स्पॅनिश बोललं जायचं. शाळेत त्यांची बुद्धिमापन चाचणी मात्र इंग्रजीत झाली. गुण कमी पडले आणि मुलांची रवानगी, त्या काळच्या शब्दात सांगायचं तर, ‘मतिमंदां’च्या वर्गात झाली. पालक कोर्टात गेले. स्पॅनिशमध्ये पुन्हा चाचणी घेतली तेव्हा बहुतेक मुलं त्या वर्गात बसण्याजोगी नव्हतीच. अखेर १९७० मध्ये मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेत घेण्याचं राज्याने मान्य केलं.

भाषा एकच असली म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही. १९६८-६९ मध्ये त्या राज्याच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलं सुमारे ९ टक्के होती, या खास वर्गांत मात्र २७ टक्के. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहम यांनी कृष्णवर्णीय मुलांना या वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यांक चाचण्या वापरायला मनाई केली. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी शिकागोतल्या न्यायाधीशांनी अशाच चाचण्यांचे प्रश्न एकेक करून तपासले आणि पक्षपाती प्रश्न मोजकेच असल्याचं सांगितलं. पुढे तर काही कृष्णवर्णीय पालकच आपल्या मुलांची ही चाचणी होऊ द्या, म्हणून कॅलिफोर्नियातल्या कोर्टात गेले. नुसत्या बंदीने काम भागलं नाही. चाचणी घेणाऱ्याला काय शिकवलंय, हा प्रश्न उरलाच.

अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी पदवीनंतर साधारण तीन वर्षं शिकावं लागतं, त्यात १२०० तासांची उमेदवारी असते. तिथे शिकायची एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोलता येणं आणि त्या भाषेत शिकता येणं यातला फरक. नवी भाषा मूल खेळता-खेळता दोनेक वर्षांत बोलू लागतं. पण त्या भाषेत गणिताचं उदाहरण वाचून समजायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. मधल्या काळात फसायला होतं. मैदानात फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा वर्गात मागे पडला की दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो.

प्रश्नांचं ऐन वेळी भाषांतर करणं हा उपाय नव्हे. एका भाषेत सोपा असलेला शब्द दुसऱ्या भाषेत अवघड होतो आणि मग गुणांची पट्टी निरुपयोगी ठरते. मोठ्या बहिणीला दुभाषा म्हणून बसवणंही चुकीचंच, कारण ती नकळत उत्तर सुचवते. त्यापेक्षा आधी चाचणी, मग थोडं शिकवणं आणि पुन्हा चाचणी, ही पद्धत बरंच काही सांगून जाते. शिकवल्यावर मूल किती पुढे सरकलं, ते दिसतं.

शिवाय मुलाला शाळेबाहेर पाहावं लागतं. धाकट्या भावंडांना सांभाळणारं, दुकानातून हिशेबाने सामान आणणारं मूल फक्त शाळेच्या वेळात ‘मंद’ ठरतं. अशा मुलांवरच्या अमेरिकी सरकारी समितीच्या अहवालाचं नावच होतं ‘सहा तासांचं मतिमंद मूल’.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतली, ती याच जाणिवेतून. पण मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठी चाचणीही परकीच. मुलाच्या चाचणीचा अहवाल हाती आला, तर चाचणी कोणत्या भाषेत झाली, गुणांची पट्टी कोणत्या मुलांवरून आणि कधी ठरवली, मुलाला घरी कुणी पाहिलं का, एवढं पालकांनी आधी विचारावं. आकडा नंतर वाचला तरी चालेल.