रविवारचे रंगीत वीर परततील का?

फुनाबोरीच्या आम्हां मराठी बिऱ्हाडांत रविवारी साडेनऊला बाळगोपाळ दूरदर्शन संचापुढे हटकून बसत, ते ‘सुपर सेंताई’साठी. तोएई कंपनीने १९७५ साली ‘गोरेंजर’पासून चालविलेली ही मालिका पन्नास वर्षांनी ‘गोजूजर’वर थांबली. आम्ही भारतात हिंदीतून पाहिलेल्या ‘पॉवर रेंजर्स’मधली पुष्कळशी हाणामारीही हिच्यातलीच!

तांबडा कोण, निळा कोण, हे ठरवता ठरवताच आमच्या मुलांची जपानी सवंगड्यांशी गट्टी जमली. भाषा मागाहून आली. म्हणूनच हुरहूर वाटते.

फेब्रुवारी २०२६ पासून त्या वेळेला ‘ग्याबान’ नव्या अवतारात आला. तो मूळचा १९८२ चा. तो परततो, तर सेंताई का नाही? मुले वाट पाहताहेत. आणि खरे सांगायचे, तर आम्हीही!