धुराला वाट द्यावी ती कोठून?

चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. परंतु जंगलकाठच्या गावांतील पौषाची पहाट कशी असते, हे वृद्धांच्या सांध्यांना विचारावे. घरात गॅस आला तरी आंघोळीचे पाणी अनेक ठिकाणी अद्याप लाकडावरच तापते, आणि त्या चुलीशी शेकत बसतात ती बहुधा वडील मंडळीच. म्हणून चुलीला धुराडे बसविताना नळ कोठून न्यावयाचा, हा निर्णय केवळ गवंड्यावर सोपवू नये.

उष्ण धूर हलका असल्याने वर चढतो व चढताना चुलीत ताजी हवा ओढून घेतो. नळ जितका सरळ आणि उंच, तितकी ही ओढ चांगली. सोयीसाठी तो भिंतीतून आडवा काढून पडवीत सोडला, तर आडव्या भागात धूर निवतो, काजळी साचते, आणि स्वयंपाकघरातून घालविलेला धूर पडवीतील बाजेवरच्या आजोबांच्या छातीत जातो. वळण अटळच असेल तर एकच ठेवावे, तेही तिरपे. तेथे काजळी काढण्यास झाकण हवे. नळाचे तोंड कवेलूंच्या वर दोन फूट तरी असावे, त्यावर पावसासाठी टोपी. लाकडी वासे व गवत नळापासून दूर राखावे. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातील पुष्कळ चुली पुढे देखभालीअभावी बंद पडल्या, हे विसरू नये. त्या काळचा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा नळ घरी असेल, तर तो करवतीने कापू नये. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

कोळशाच्या शेगडीला तर नळच नसतो. या खाणपट्ट्यात कोळसा ओळखीचा, म्हणून त्याची भीतीही कमी! निखाऱ्यांतून धूर दिसेनासा झाला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. दारे लावून शेगडीजवळ कोणीही निजू नये. शहरातील न्हाणीघरात नळाविना बसविलेला गॅस गीझरही याच जातीचा.

डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे ‘वयामुळे’ म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. शेकल्यानंतर ती दिसली आणि मोकळ्या हवेत उतरली, तर शंका घ्यावी. आजी हाकेला ओ देत नसतील, तर आधी त्यांना उघड्यावर आणावे, मग १०८ क्रमांक लावावा.