टाहो सरोवराच्या पाण्याची पारदर्शकता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, कॅलिफोर्निया व नेव्हाडा यांच्या सीमेवर, टाहो हे सरोवर सुमारे १,९०० मीटर उंचीवर वसले आहे. त्याची कमाल खोली सुमारे ५०० मीटर आहे. त्रेसष्ट ओढे त्यास येऊन मिळतात. बाहेर पडणारी नदी मात्र ट्रकी ही एकच, आणि तीही समुद्रास न मिळता पिरॅमिड सरोवरात विलीन होते. सरोवरातील पाणी पूर्णपणे पालटण्यास सहा-सातशे वर्षे लागतात. म्हणून एकदा आत आलेले मालिन्य आपोआप वाहून जाईल, ही आशा व्यर्थ होय.

ही स्वच्छता मोजण्याची रीत अगदी साधी आहे. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडावयाची आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते, ते नोंदवावयाचे. १९६८ साली ही खोली सरासरीने ३१ मीटर होती. अलीकडे ती वीस मीटरांच्या आसपास आली आहे.

प्रथम दोष सांडपाण्याकडे गेला, आणि ते योग्यच होते, कारण त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांवर शैवाल पोसते. १९७० नंतरच्या दशकात सांडपाणी खोऱ्याबाहेर नेण्याची व्यवस्था पुरी झाली. तथापि पाणी गढूळच होत राहिले. पुढील संशोधनातून असे दिसून आले की, खरा अपराधी धूळ हा आहे. हिवाळ्यात बर्फावर वाहने घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर वाळू पसरतात. ती चाकांखाली भरडली जाते आणि बर्फ वितळताच ओढ्यांत उतरते. सोळा मायक्रॉनांहून लहान असे हे कण तळाशी बसण्यास फार वेळ घेतात व तोवर प्रकाश विखुरतात. सरोवरात येणाऱ्या अशा कणांपैकी सुमारे सात-दशांश कण वस्तीच्या भागातून येतात.

पूर्वी हे कण अडविण्याचे काम दलदली करीत. परंतु अपर ट्रकी नदीच्या मुखाशी असलेल्या विस्तीर्ण दलदलीचा मोठा भाग १९६० नंतरच्या दशकात खणून व भरून तेथे घरे व नौकांसाठी कालवे करण्यात आले. सरोवराचे चाळणीचे कापडच फाडण्यासारखे हे कृत्य होते. उरलेल्या दलदलीचे पुनरुज्जीवन अलीकडे हाती घेण्यात आले. रस्ते यंत्राने झाडणे व पावसाचे पाणी मुरविणे हेही उपाय चालू आहेत.

२०११ च्या योजनेने पासष्ट वर्षांत पारदर्शकता पुन्हा सुमारे तीस मीटरांवर नेण्याचे ठरविले. हिवाळ्यातील घसरण आता थांबल्यासारखी दिसते. उन्हाळ्यातील मात्र चालूच आहे.