घरचेही नकोत, क्लासवालेही नकोत. सल्ल्याला बाहेरचा माणूस का लागतो?

पुणे : गावाकडं पोराला सल्ला द्यायला माणसांची कमी नाही. मामा म्हणतो पोलीस भरती कर, चुलता म्हणतो आयटीआयला जा, पुण्यातला क्लासवाला म्हणतो अजून एक अटेम्प्ट दे. घरच्यांचा आपल्यात जीव गुंतलेला, तर क्लासवाल्याचा फीमध्ये. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चौथं-पाचवं वर्ष काढणाऱ्या पोराला "बाबा, आता थांब" किंवा "तुझा अमुक पेपर कच्चा आहे" असं तोंडावर सांगणारं कुणी नसतं. त्यासाठी लागतो तो बाहेरचा मार्गदर्शक. त्यालाच हल्ली मेंटॉर म्हणतात.

शब्द नवा असला तरी पुण्याला ही गोष्ट जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखले मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे. वडील लवकर गेले. थोरले भाऊ गोविंदराव १५ रुपये पगारातले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला पाठवायचे. १८८५ मध्ये गोखले पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढं त्यांची गाठ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी पडली. रानडे ना नात्यातले, ना शाळेतले साहेब.

रानड्यांनी त्यांना नोकरी लावून दिली नाही, काम दिलं. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे, सार्वजनिक सभेसाठी अर्ज लिहायचे. लिहिलेलं रानडे कडक तपासत. एवढे कष्ट करून लिहिलेल्या अर्जाला सरकार दोन ओळींचं उत्तर देतं, म्हणून गोखले वैतागले. तेव्हा रानड्यांनी समजावलं की अर्ज नावाला सरकारकडं जातो, खरा तो आपल्या लोकांसाठी असतो; त्यातून लोक विचार करायला शिकतात. १८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टात गेले, तरी हे नातं १९०१ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत टिकलं. पुढच्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोखल्यांनी बजेटवर केलेलं भाषण गाजलं. त्यामागं ही अनेक वर्षांची आकडेमोड होती.

आज कुणाकडं जायचं?

शेती किंवा जोडधंद्याचा प्रश्न असेल तर बारामती आणि नारायणगाव इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. नवा धंदा करणाऱ्या तरुणांना भारतीय युवा शक्ती ट्रस्ट अनुभवी मार्गदर्शक जोडून देतो. पुण्यात शिकायला जाणाऱ्या गरजू मुलामुलींसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून काम करते. नव्या सरपंच ताईंना तर बाहेरच्या सल्ल्याची जास्तच गरज, कारण गावात प्रत्येक सल्ल्याला गटाचा वास असतो. त्यांनी 'यशदा'चं प्रशिक्षण चुकवू नये आणि तिथं भेटलेल्या दुसऱ्या तालुक्यातल्या सरपंचांचे नंबर जपून ठेवावेत. हे काहीच जमलं नाही तरी निवृत्त मुख्याध्यापक, बँकेचे माजी मॅनेजर, पोस्ट मिळालेला पलीकडच्या गावचा मुलगा, असं कुणीतरी पंचक्रोशीत असतंच.

जाताना मात्र रिकाम्या हातानं जाऊ नका. "सर, मार्गदर्शन करा" एवढ्यानं समोरचा काय सांगणार? मागच्या तीन परीक्षांचे मार्क, दुकानाची वही, दुधाचा हिशोब, जे असेल ते पुढं ठेवा आणि एकच नेमका प्रश्न विचारा. वशिला किंवा उसने पैसे मागितले की तो माणूस पुन्हा फोन उचलणार नाही. सांगितलेलं पटलं नाही तर तसं बोला, पण न करता परत जाऊ नका.

रील्सवर "हमखास यश" सांगून हजारो रुपये मागणारे मेंटॉर सध्या खूप झालेत. हमी देतो आणि आधी पैसे मागतो, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

पहिला मेसेज साधा ठेवा : नाव, गाव, काय करता, एक प्रश्न आणि "वीस मिनिटं कधी मिळतील?" दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा. आणि रोज सकाळी त्यांना गुड मॉर्निंगचे फोटो पाठवू नका.